लक्ष्यवेधासाठी रिव्हॉल्व्हर निवडताना

प्रश्न : माझ्याकडे स्वसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेले, आखूड नळीचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) रिव्हॉल्व्हर आहे. गेल्या वर्षापासून मी एका रायफल क्लबात जाऊ लागलो असून २५ मीटरवरच्या नेमबाजीची गोडी लागली आहे. पण माझ्या गोळ्या लक्ष्यावर फार विखुरतात. हेच शस्त्र वापरत राहावे की दुसरे घ्यावे? मित्रांचा सल्ला अधिक ताकदीचे रिव्हॉल्व्हर घेण्याचा आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : ताकदीचा विचार आपण प्रथम मनातून काढून टाकावा, कारण कागदी लक्ष्याला भोक पाडायला ताकद लागत नाही आणि जोराचा धक्का देणारे काडतूस नवशिक्याला चाप दाबण्यापूर्वीच दचकायला शिकवते. ही दचकण्याची सवय एकदा हाताला जडली की ती घालवण्यात महिने जातात. आपले .३२ बोअर मुळीच कमी दर्जाचे नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होणाऱ्या शस्त्रांच्या) स्पर्धेत .३० ते .३८ बोअरची शस्त्रे चालतात, त्यांत रिव्हॉल्व्हरही येते, आणि जगभरचे अनेक नेमबाज या स्पर्धेसाठी ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ हेच मवाळ काडतूस पसंत करतात. शिवाय ९ मि.मी.सारखी काडतुसे आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, ही गोष्टही मित्रांच्या ध्यानात आणून द्यावी.

आपल्या गोळ्या विखुरण्याचे मुख्य कारण बहुधा नेम धरण्यासाठी नळीवर असलेल्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधले, म्हणजे साईटमधले, कमी अंतर हे असावे. हे अंतर २०० मि.मी. असेल आणि साईट जुळवताना केवळ ०.२ मि.मी.ची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी २५ मि.मी. सरकते. स्पर्धेच्या पहिल्या, सावकाश नेम धरून मारण्याच्या अचूकता फेरीच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मि.मी. असल्याने ती त्या वर्तुळाच्या कडेला लागते. हेच अंतर १०० मि.मी. असेल, तर तेवढ्याच चुकीने गोळी ५० मि.मी. सरकते आणि नऊच्या वर्तुळाच्या कडेला जाते. हाताचा दोष तोच राहतो, पण आखूड शस्त्र त्याची दुप्पट शिक्षा देते. म्हणून लक्ष्यवेधासाठी सहा इंचांच्या आसपासची नळी घ्यावी. सेंटर फायरच्या नियमांत नळीची कमाल लांबी १५३ मि.मी. ठरवलेली आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

वजनाचेही तसेच आहे. कानपूरच्या कारखान्यात बनलेले आणि २०१४ मध्ये बाजारात आलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आहे. जवळ बाळगायला ते सोयीचे असले, तरी हलके शस्त्र हातात अधिक थरथरते. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरची नळी १३२ मि.मी. आणि वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. देशी बनावटीचे नवे शस्त्र घ्यायचे असेल, तर ते पाहण्याजोगे आहे. दुकानात हातात घ्याल तेव्हा मागची साईट स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवता येते का, हे अवश्य तपासावे. स्थिर साईटच्या शस्त्राने लक्ष्याच्या बाजूला नेम धरून मधोमध मारण्याची कसरत करावी लागते आणि त्यातून चांगली सवय लागत नाही.

आता चापाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निवडीचा निर्णय खरे तर तिथेच होतो. घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) आधी अंगठ्याने मागे ओढून, म्हणजे चढवून, चाप दाबला तर थोडे वजन, म्हणजे बोटाचा थोडाच जोर लागतो. घोडा न चढवता सरळ चाप ओढला, तर घोडा उचलण्याचे आणि सिलिंडर (काडतुसांचे खण असलेला गोल भाग) फिरवण्याचे कामही त्याच बोटावर पडते आणि अनेक रिव्हॉल्व्हरांत हे वजन चार-पाच किलोंपर्यंत जाते. सेंटर फायर स्पर्धेत चापाचे किमान वजन १००० ग्रॅम ठेवलेले आहे. आपल्याला निदान घोडा चढवलेल्या स्थितीत चाप स्वच्छ, एकाच ठिकाणी सुटणारा आणि खरखर न करणारा हवा. त्याच स्पर्धेच्या जलद फेरीत लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंद दिसते आणि मधे सात सेकंदांची विश्रांती असते, म्हणजे घोडा पुन्हा चढवायला वेळ मिळतो.

परदेशी शस्त्रांची सर्वसामान्य आयात कित्येक वर्षांपासून बंद असल्याने आपल्याकडे जुनी परदेशी रिव्हॉल्व्हर चढ्या किमतीला विकली जातात. असे जुने शस्त्र घेण्यापूर्वी ते रिकामे असल्याची स्वतः दोनदा खात्री करून घोडा अगदी हळू चढवून पाहावा. घोडा पूर्ण चढण्याआधीच, किंवा निदान त्याच क्षणी, सिलिंडर जागेवर पक्का बसला पाहिजे. नंतर सिलिंडर बोटांनी हलवून पाहावा. तो लटपटत असेल तर खण आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळी नळीच्या तोंडाशी खरवडली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. असे शस्त्र कितीही नामांकित असले तरी घेऊ नये.

काडतुसांबाबत एवढेच सांगतो, की पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातील .३२ काडतुसे सरावाला पुरेशी आहेत. सपाट टोकाची स्पर्धेची गोळी मिळाली तर कागदाला स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही.

शस्त्र बदलणे किंवा दुसरे घेणे यासाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही विसरू नये.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी नेमबाजी शिकू इच्छिते. तिच्यासाठी .२२ चे रिव्हॉल्व्हर घेऊन ठेवावे का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये. शस्त्र परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे आणि महिलांच्या २५ मीटर स्पर्धेत आज .२२ ची पिस्तुलेच वापरली जातात. तिला १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करू द्यावी. ४.५ मि.मी. बोअरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्या स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मि.मी. व्यासाचे असल्यामुळे चाप आणि साईट यांची शिस्त तिथेच पक्की होते. आपल्याच गावच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, हे मुलीला जरूर सांगावे.

प्रश्न : घरी गोळीविना चाप दाबण्याचा सराव केल्यास रिव्हॉल्व्हर बिघडते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : .२२ चे शस्त्र असेल तर बिघडू शकते, कारण त्यात घोड्याची सुई काडतुसाच्या कडेवर आपटते आणि खण रिकामा असेल तर खणाच्याच कडेवर घाव बसतो. त्यासाठी बनावट सराव-काडतुसे वापरावीत. .३२ मध्येही ती वापरलेली बरी. सराव करताना खरी काडतुसे त्या खोलीत नव्हे, दुसऱ्या खोलीतील कुलूपबंद कपाटात असावीत.