सीपीएस-२ बोर्ड हाती आलाय? आधी बॅटरी बघ

अरे, गेम चालू होतोय म्हणून खूश होऊन थांबू नकोस. कॅपकॉमच्या सीपीएस-२ या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या गेमच्या) यंत्रणेत गेमच्या बोर्डावर ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. डिक्रिप्शनची किल्ली (गेमचा कूटबद्ध कोड उलगडणारी) तिच्याच जोरावर रॅममध्ये टिकते. बॅटरी मेली की किल्ली गेली, मग गेम सुरूच होत नाही. (कॉपी रोखायची ही तऱ्हा मला आजही खुनशी वाटते.) बॅटरी गळून बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅकही खाते, तेव्हा बॅटरीच्या पायांजवळ हिरवट डाग दिसतोय का ते नीट बघ.

पाच व्होल्ट सप्लायवर नाही, बोर्डाच्या जामा कनेक्टरवर (जिथे कॅबिनेटच्या वायरी बोर्डाला जोडतात) मोज, तेही गेम चालू असताना. वायरीत थोडं व्होल्टेज कमी होतंच. व्होल्टेज फार खाली गेलं तर बोर्ड आपोआप रीसेट होऊ लागतो आणि लोक उगाच चिपा बदलत बसतात.

सीआरटीच्या (जुन्या पिक्चर ट्यूबच्या) ॲनोडला, म्हणजे तिच्या उच्च व्होल्टेजच्या जोडणीला, मात्र इतक्यात हात लावू नकोस.