डॉर्टमुंडला सोळाव्या वर्षी बीअर मिळते, मग पोराला न्यायचं की आजीकडे ठेवायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बडोद्याहून जर्मनीत डॉर्टमुंडला नोकरी लागलीये, पोरगं पंधराचं, बीव्हीबीसाठी, म्हणजे इथल्या बोरुसिया डॉर्टमुंड फुटबॉल क्लबसाठी वेडं, आणि कुणीतरी वहिनींच्या कानावर घातलंय की तिकडे सोळाव्या वर्षी दुकानात बीअर मिळते, त्यामुळे घरात आता "त्याला बारावीपर्यंत आजीकडे ठेवू" असं चाललंय. मी मूळचा बडोद्यातल्या दांडिया बाजारचा, इकडे येऊन बरीच वर्षं झाली, पोरं इथेच वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे आजीकडे ठेवायचा प्लॅन मला अजिबात पटत नाही, आणि त्याचा बीअरशी काही संबंध नाही, कागदपत्रांशी आहे. मूल सोळा पूर्ण झाल्यावर आईबापांच्या मागून एकटं येणार असेल तर जर्मन भाषेची कडक अट लागू शकते. तुम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परमिटवर असाल तर त्यात सूट आहे, पण तुमचा परमिट नक्की कुठला ते आधी बघा. आणि एकदा अठरा झाला की फॅमिली व्हिसाचं दार जवळजवळ बंदच. शिवाय पंधराव्या वर्षी जर्मन शाळेत शिरणं अवघड आहे, सतराव्या वर्षी त्याहून कितीतरी अवघड. तेव्हा सगळे एकत्रच या.

आता वहिनींचा मुद्दा. बातमी खरी आहे. इथला कायदा असा की बीअर, वाइन, शँपेन वगैरे सोळापासून, आणि व्हिस्की, व्होडका, रम, किंवा त्यातलं काही मिसळलेलं काहीही असेल तर अठरापासून. म्हणजे बीअरमध्ये लिंबू सरबत घालून राडलर म्हणून देतात ते सोळाला चालतं, पण व्होडका मिसळलेला गोड रंगीत कॅन चालत नाही, मग त्यात दारू कितीही कमी असो. हे पोराला नीट समजावून ठेवा, कारण पोरं त्या गोड कॅनलाच फसतात. अजून एक, हे ऐकून वहिनी बेशुद्ध पडतील, पण चौदा-पंधराचं मूल आईबाप सोबत असतील तर हॉटेलात बसून बीअर पिऊ शकतं. आईबापच हं, काका-मामा, शेजारी चालत नाहीत. नियम मोडला तर दंड विकणाऱ्याला किंवा पाजणाऱ्या मोठ्यांना, पोराला नाही. सिगरेट, व्हेप अठरा. गांजा १ एप्रिल २०२४ पासून मोठ्यांना ठरावीक प्रमाणात बाळगायला कायदेशीर झालाय, तोही अठरालाच. आणि लायसन नवीन असेल किंवा वय एकवीसच्या आत असेल तर गाडी चालवताना शून्य दारू, एक घोटसुद्धा नाही. यात पोलीस काही ऐकून घेत नाहीत.

आपल्याकडे काय होतं ते आठवा ना. गुजरातमध्ये राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी, दुकानाची पाटी कधी डोळ्यांनी बघितली नाही, पण कॉलेजातल्या कुठल्याही पोराला विचारा, बुटलेगरचा नंबर पाठ असायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली यायची, कुणाचे तरी आईबाप गावाला गेलेले असायचे, दारं-खिडक्या बंद करून, पंखा फुल करून, वास जायच्या आत पटापट संपवायची. नाहीतर मग दमण, तिथे बंदी नाही. पिण्यापेक्षा लपवण्यातच सगळी मजा होती आणि घाईत किती प्यायली याचा हिशोब कुणाकडेच नसायचा. मला विचाराल तर सोळा-सतराच्या पोरासाठी यापेक्षा वाईट शाळा नाही.

इथे उलटं आहे. बीव्हीबीच्या स्टेडियममध्ये एक्क्याऐंशी हजार लोक मावतात, त्यातले पंचवीसेक हजार नुसत्या साउथ स्टँडला उभे, आणि तिथे सोळाचं पोरगं आणि सत्तरीचे आजोबा एकाच पायरीवर खांद्याला खांदा लावून. वय विचारलं तर कुणी आकडा सांगत नाही, मॅच सांगतात. आमच्या ब्लॉकमध्ये एक आजोबा आहेत, ते ६६ वाले. म्हणजे १९६६ला ग्लासगोत डॉर्टमुंडनं लिव्हरपूलला २-१ हरवून कप विनर्स कप आणला, युरोपातला कप जिंकणारा पहिला जर्मन क्लब, तेव्हा हे प्राथमिक शाळेत. त्यांचा मुलगा ९७ वाला, चॅम्पियन्स लीगची फायनल, म्युनिकला युव्हेंटसविरुद्ध ३-१, वीस वर्षांचा लार्स रिकेन, इथलाच पोरगा, सब म्हणून आत आला आणि काही सेकंदांतच लांबून चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून आत. नातू २०१२ वाला, बायर्नला जर्मन कपच्या फायनलमध्ये ५-२. मग पहिल्या बीअरच्या गोष्टी सुरू होतात, कुणाला बापानं ग्लासावरचा फेस चाटायला दिला, कुणी चौदाव्या वर्षी मोठ्या भावाचं जॅकेट घालून टपरीवर गेला, "त्या काळी कार्ड कोण बघायचं" वगैरे, सगळ्यांचं तरुणपण मिनिटागणिक जास्त रंगीत होत जातं.

मी ९० वाला. इटालियाचा वर्ल्डकप, फायनल आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली, जर्मनीच्या ब्रेमेची पेनल्टी लागली तेव्हा अर्धी गल्ली झोपलेली आणि अर्धी आमच्या टीव्हीसमोर. कॅमेरूनचा अडतीस वर्षांचा रॉजर मिला गोल केला की कॉर्नरच्या झेंड्यापाशी नाचायचा ते बघून आम्ही पोलो ग्राउंडवर महिनाभर तेच करत होतो, गोल न करता. हे सांगितल्यावर आजोबांनी विचारलं, तुमच्याकडे बीअर कितव्या वर्षी? म्हटलं चाळीस, तेही मेडिकल तपासणी करून परमिट मिळाला तर. आख्खी ओळ हसत सुटली. त्यांना मी थापा मारतोय असंच वाटलं, फोनवर शोधून दाखवलं तेव्हा विश्वास बसला. मग आजोबा गंभीर होऊन म्हणाले, म्हणजे तरुणपणी टीम हरली की तुम्ही करायचात काय? म्हटलं, सेव उसळ खायचो. तिखट.

या क्लबचा जन्मच दारूच्या गुत्त्यातला आहे हेही पोराला सांगा, त्याला माहीत असेलच म्हणा. १९०९ च्या डिसेंबरात बोर्झिगप्लाट्झजवळच्या एका पबमध्ये चर्चच्या युवक मंडळातल्या पोरांनी तो काढला, कारण पाद्रीबुवांना फुटबॉल खपत नव्हता. बोरुसिया हे नावही जवळच्या ब्रुअरीवरून घेतलं असं इथले लोक सांगतात. आणि सोळा हा आकडा इथे फक्त बीअरचा नाही. २०२० मध्ये बुंडेसलीगानं, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगनं, खेळायच्या वयाची अट सोळावर आणली आणि तेव्हा याच क्लबचा असलेला मुकोको सोळा वर्षं एक दिवसाचा असताना बुंडेसलीगात उतरला. तुमच्या पोराला हे जास्त झोंबेल.

सगळं गोडगोड आहे असं मात्र नाही हं. मॅचनंतरच्या ट्रेनमध्ये ओरडणारे, ओकणारे लोक दिसतात, सकाळी अकराला टपरीपाशी बाटली घेऊन उभे असलेले काका दिसतात, आणि रस्त्यात बाटली घेऊन चालायला बंदी नाही, म्हणून पहिल्या महिन्यात आपल्याला सगळं शहर प्यायलेलं वाटतं. पोरं सोळाच्या वाढदिवसाला पितात, काही जास्त पितात. पण नको म्हणणाऱ्याला कुणी टोचत नाही. सफरचंदाचा रस आणि सोडा, आप्फेलशोर्ले म्हणतात त्याला, तो हातात असला तरी तेवढ्याच जोरात गाणी म्हणता येतात. माझी थोरली अजून तेच पिते.

वहिनींना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. गोल झाला की लोक हातातले ग्लास हवेत उडवतात. पोरगं डोक्यापासून बुटांपर्यंत भिजतं आणि घरी येताना त्याच्या जॅकेटला बीअरचा असा वास मारतो की दारातच आईचा चेहरा बदलतो. आमच्या घरी त्यावरून मोठं रामायण झालंय. जुनं जॅकेट घालून पाठवा, धुवायला टाका, चौकशी दुसऱ्या दिवशी.

पहिल्या मॅचला मात्र तुम्ही स्वतः सोबत जा, तो सोळाचा व्हायच्या आत. साउथ स्टँड लगेच नको, बसायची तिकिटं बघा, आणि शाल्के या शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबविरुद्धची डर्बी लागलीच तर ती पहिली म्हणून अजिबात घेऊ नका, तेव्हा पोलीस घोड्यांवर असतात. तिकिटं मिळायला त्रास होतो, त्यामुळे इथे आल्या आल्या क्लबचं मेंबर व्हा, वहिनींसकट. रेसिडेन्स कार्ड हातात आलं की पोराला ते जवळ ठेवायची सवय लावा, वय कुठेही विचारतात. बाकी घर कुठल्या भागात बघताय ते कळवा, शाळेचं त्यावर ठरेल.