शहरातल्या मुलांना निशाचर प्राणी कसे शिकवावेत? जिन्यातल्या पालीपासून सुरुवात करा

तुमची मुलगी तिसरीत आहे, शाळेने ‘निशाचर प्राणी आणि त्यांचं अनुकूलन’ असा प्रकल्प दिलाय, राहायला नागपुरात फ्लॅटमध्ये, आणि तक्त्यावर घुबड-वटवाघळाची चित्रं चिकटवण्यापलीकडे काय करावं हे सुचत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथेच प्राथमिकच्या पोट्ट्यांना परिसर अभ्यास शिकवते. माझ्या मते जंगलात जायची काही गरज नाही. जिन्यातला दिवा, गच्ची आणि एक टॉर्च एवढ्यावर भागतं. प्राणीसंग्रहालयात भर दुपारी झोपलेला बिबट्या दाखवून तर काहीच हाती लागत नाही.

प्राण्यांपासून सुरुवात करू नका, कारणापासून करा. तिला विचारा, मे महिन्यात दुपारी आपण बाहेर का पडत नाही? पारा ४५ला टेकला की अख्खं नागपूर कूलरपुढे पडून असतं आणि सात वाजल्यानंतर फुटाळा तलावावर पाय ठेवायला जागा नसते. ओलसर कातडीचा बेडूक किंवा गोगलगाय त्या उन्हात निघाली तर वाळूनच जाईल. शिवाय रात्री घारी-शिकरे झोपलेले असतात, म्हणजे वरून झडप पडायची भीती कमी. (घुबडाची असते, ते पुढे.) आणि किडे रात्री निघाले की किडे खाणारेही त्यांच्यामागे निघतात. एवढं तिच्या तोंडून आलं, की ‘निशाचर म्हणजे रात्री जागणारे प्राणी’ ही व्याख्या पाठ करून घ्यायची गरज उरत नाही.

मग अडचण दाखवा: अंधारात दिसत नाही. ती तिला स्वतःला भोगू द्या. खोलीतले दिवे घालवून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसा. आधी काही दिसत नाही, मग हळूहळू कपाटाची कड, खिडकीचे गज दिसायला लागतात. आता तिच्या हातात रंगीत खडू द्या आणि रंग ओळखून वेगळे करायला सांगा. दिवा लावल्यावर निळा, हिरवा, जांभळा एकाच ढिगात निघतात! आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूसारख्या पेशी असतात, त्यांना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम करतात त्या दंडाकार पेशी, पण त्यांना रंग कळत नाहीत. रात्री हिंडणाऱ्या बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत या दंडाकार पेशींचीच गर्दी असते. हा प्रयोग मुलं विसरत नाहीत, आणि खर्च शून्य.

आता जिन्यातली पाल. ही तुमची सगळ्यात चांगली शिक्षिका, पण आयांनाच तिची किळस येते. टॉर्चने तिचे डोळे बघायला सांगा. उजेडात बाहुली उभ्या फटीएवढी बारीक होते आणि अंधारात मोठी पसरते. तिला पापण्या नाहीत, म्हणून ती जिभेने डोळे पुसते. वाट बघितली तर हे प्रत्यक्ष दिसतं. आणि ती चुकचुकते. बहुतेक सरडे मुके असतात, पालींना मात्र आवाज आहे. अंधारात दुसऱ्या पालीला ‘ही जागा माझी’ हे रंग दाखवून कळवता येत नाही, आवाजाने येतं. भिंतीवर चालायच्या तिच्या पायांची गंमतही सांगा, बोटांखाली अतिसूक्ष्म केस असतात वगैरे, पण प्रकल्पात ते ‘रात्रीसाठीचं अनुकूलन’ म्हणून लिहू नका. दिवसा फिरणाऱ्या काही पालींचे पायही तसेच असतात. कुठलं वैशिष्ट्य कशासाठी, हा प्रश्न मुलीने विचारायला शिकणं महत्त्वाचं.

घुबडाबद्दल थोडक्यात. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून मान फिरते. मानेत १४ मणके, आपल्या ७. गव्हाणी घुबडाचे दोन कान खाली-वर असतात, त्यामुळे उंदराची खुसफुस कुठून आली हे त्याला नेमकं कळतं. मुलीचे डोळे बांधा, किल्ल्या वाजवा आणि बोट दाखवायला सांगा. डावीकडे की उजवीकडे हे बरोबर येईल, वर की खाली यात गोंधळ होईल. आजी ‘घुबड अपशकुनी’ म्हणाल्या तर वाद घालू नका, ते किती उंदीर खातं एवढंच सांगा. वटवाघूळ आंधळं असतं, हे मात्र खोडून काढाच. झाडावर उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं डोळ्यांनी आणि वासाने फळं शोधतात. आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करतात ती किडे खाणारी छोटी जात, आणि त्यांचा आवाज बहुधा आपल्या कानांच्या पलीकडचा असतो.

एखाद्या रात्री सोसायटीच्या बागेत न्या. टॉर्च कानशिलाजवळ धरून गवतावर उजेड टाकायचा. दवासारखे हिरवट-निळसर ठिपके चमकतील. जवळ गेलात की कळेल, ते जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांचे डोळे आहेत. मांजराच्या डोळ्यात असतो तसा उजेड परत फेकणारा थर त्यांच्याही डोळ्यात असतो. पायात बूट घाला, पालापाचोळ्यात हात घालू देऊ नका. मण्यार रात्रीच निघतो आणि आपल्या भागात तो आहे.

रस्त्यावरच्या दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंगही दाखवा. आपल्या उजेडाने त्यांची रात्र बिघडते हे लहान मुलांनाही समजतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. आजूबाजूच्या गावांत दिव्यांची तोंडं जमिनीकडे केली आहेत. जमलं तर दिवाळीनंतर एक मुक्काम करा.

बोलताना एक काळजी घ्या. ‘अंधारात दिसावं म्हणून प्राण्याने डोळे मोठे केले’ असं आपण सहज बोलून जातो. तसं कोणी ठरवून करत नाही. ज्यांना थोडं बरं दिसलं ते जगले, त्यांना पिल्लं झाली, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तिसरीतल्या मुलीला एवढं पुरे.

आणि तक्त्यावर घुबड लावणारच असाल तर कोपऱ्यात रानपिंगळाही लावा. १८८४ नंतर तो कुणाला सापडत नव्हता, नामशेष झाला असंच मानलं गेलं होतं, आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आपल्या मेळघाटातही आहे. हे घुबड दिवसाउजेडी शिकार करतं. बाईंनी ‘हा निशाचर नाही’ म्हणून काट मारली, तर तिला म्हणावं, म्हणूनच तर लावलाय.