वाचकांचे प्रश्न : ‘द फॅमिली ऑफ मॅन’

प्रश्न : महायुद्धानंतरच्या काळातले ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे गाजलेले छायाचित्र-प्रदर्शन आज कुठे पाहता येते?

उत्तर : अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी 68 देशांतील 503 छायाचित्रे निवडून 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडलेले आणि पुढल्याच वर्षी मुंबईच्या जहांगीर कलादालनातही येऊन गेलेले हे प्रदर्शन 1994 पासून लक्झेंबर्गमधील क्लेर्व्हो येथील किल्ल्यात कायमचे मांडलेले आहे. सगळी माणसे सारखीच, हा त्याचा सूर आम्हाला थोडा भाबडा वाटतो. पण युद्ध-छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांच्या छायाचित्रापाशी पाय थबकतात. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या ओकिनावा बेटावरील लढाईत जबर जखमी झाल्यावर दीर्घकाळ कॅमेरा हाती न धरलेल्या स्मिथ यांनी 1946 मध्ये टिपलेली ही त्यांची स्वतःची दोन मुले, झाडीच्या अंधारातून उजेडाकडे हात धरून निघालेली, आपल्याला पाठमोरीच दिसतात.