यादी त्यांची

प्रिय,

तुझी मेल वाचली. रागाच्या भरात लिहिलीस ते बरंच झालं. शांतपणे लिहिली असतीस तर मला नुसते आकडे मिळाले असते. फिजीतल्या सुवात बसून तू रोज सकाळी मदतीचे तेच तक्ते भरतोस. जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या स्फोटानंतर अर्ध्या जगाची विमानं आणि जहाजं टोंगाच्या राजधानीकडे, नुकुआलोफाकडे निघालेली आहेत, देणगीदारांचे फोन थांबत नाहीत, आणि टोंगाकडून दोन ओळींचं उत्तर यायला मात्र दिवस जातो. तू विचारतोस, ‘ते मागत नाहीत तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं का?’

माल भरायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. बसायला कोण सांगतंय?

यादी त्यांची. आपली फक्त वाहतूक. या एका वाक्यापायी मी या धंद्यात हट्टी, शिष्ट, निर्दयी अशी बरीच विशेषणं गोळा केली आहेत. तुलाही ती मिळणारच आहेत, तर निदान ती कशासाठी ते कळलेलं असू दे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये ४६/१८२ क्रमांकाचा ठराव केला. मदत संकटग्रस्त देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याच्या आवाहनावरून व्हावी, असं त्यात लिहिलं आहे. तुझी खुर्ची, तुझे तक्ते, तुझं रोजचं परिपत्रक सगळं त्या कागदावर उभं आहे. तो कागद तू वाचला आहेस हे मला माहीत आहे. वाचूनही ‘मागण्याची वाट कशाला बघायची’ असं विचारतोस, म्हणून मला चीड येते.

आता पाण्याचं. कुणीतरी बाटल्यांचं विमान देऊ केलंय आणि टोंगाने ‘थांबा’ म्हटलं, याचा तुला संताप आला. पेन घे. टोंगाटापू या मुख्य बेटावर साधारण ७४ हजार माणसं राहतात. नुसतं पिण्यासाठी माणशी तीन लिटर धर. दिवसाला २२२ टन झाले. एका हर्क्युलस मालवाहू विमानात जेमतेम वीस टन माल जातो. म्हणजे रोज अकरा विमानं, तीही फक्त बाटल्यांची, आणि देशात मोठी विमानं उतरतील अशी पट्टी ती एकच, फुआमोटूची. न्यूझीलंडचं आओटेअरोआ जहाज अडीच लाख लिटर पाणी घेऊन गेलं आणि समुद्राचं पाणी गोडं करून दिवसाला सत्तर हजार लिटर देण्याची सोय त्याच्यावर होती. दरम्यान टोंगाच्याच भूगर्भ खात्याने नमुने तपासले आणि भूजल पिण्याजोगं असल्याचं सांगितलं. छपरांवर राख बसली, टाक्यांत राख गेली, हे सगळं खरं. पण बेटाखालचं पाणी कसं आहे हे त्यांना कळत होतं, तुला आणि मला नव्हतं. तुझा देणगीदार ज्या दिवशी बाटल्या भरत होता त्या दिवशी त्यांना कदाचित टाक्या धुणारे हात हवे होते.

आणि धावपट्टी! स्फोट १५ जानेवारीला झाला आणि पहिली विमानं उतरली २० तारखेला. मधल्या दिवसांत तिथली माणसं फावडी आणि ढकलगाड्या घेऊन पट्टीवरची राख उपसत होती. बंदराचंही तेच. आधी न्यूझीलंडच्या वेलिंग्टन जहाजावरच्या पाणबुड्यांनी वाट आणि धक्का तपासला, मग बाकीच्यांचं बघितलं. सुवातल्या तुझ्या टेबलावर पहिल्या दिवशी किती जणांनी ‘फावडी’ किंवा ‘पाणबुडे’ लिहिलं होतं? तंबू सगळ्यांनी लिहिले असतील. तंबू सगळ्यांना सुचतात.

तुझा दुसरा राग माणसांवरून आहे. इतके तयार, अनुभवी लोक बाहेर ताटकळत ठेवले, सामान उतरवून तीन दिवस तसंच पडू द्यायचं, विमानातल्या कुणी तिथल्या कुणाच्या जवळ जायचं नाही. ‘हा अतिरेक आहे’ असं तू लिहिलंस. अरे, १९१८ च्या ऑक्टोबरअखेर ऑकलंडहून निघालेलं टालूने नावाचं जहाज नोव्हेंबरमध्ये याच बेटांना लागत गेलं आणि त्याच्याबरोबर इन्फ्लुएन्झा गेला. पश्चिम सामोआची पाचातली एक व्यक्ती गेली. टोंगातही शेकड्यांनी माणसं गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. ज्या देशाला हे आठवतं, आणि ज्याच्याकडे कोविडच्या महामारीच्या दोन वर्षांत जेमतेम एक रुग्ण सापडला होता, त्याने ‘सामान पाठवा, माणसं नको’ असं म्हटलं तर तो अतिरेक कसा? ऑस्ट्रेलियाचं एक विमान वाटेतून परत फिरलं कारण त्यातला एक जण बाधित निघाला. त्याच देशाच्या अॅडलेड जहाजावर तेवीस रुग्ण निघाले. आता बंदरावरचे कामगार बाधित निघाले आणि देश कुलूपबंद झाला. तो संसर्ग कुठून आला यावर तू वाद घालू नकोस, ते तुझं काम नाही. त्यांची भीती खरी होती एवढं लक्षात ठेव. ‘माणसं नको’ हीसुद्धा त्यांच्या यादीतलीच ओळ आहे. यादीतल्या आपल्याला आवडणाऱ्या ओळी तेवढ्या पाळायच्या, असं नसतं.

२००४ च्या सुनामीनंतर मी श्रीलंकेत होते. जुन्या कपड्यांच्या गाठी उघड्या आकाशाखाली पडलेल्या पाहिल्या आहेत, त्यात लोकरीचे कोट, उष्ण कटिबंधात. इंडोनेशियातल्या बंदा आचेमध्ये औषधांचे ढीग आले, कित्येक खोक्यांवरची भाषा तिथल्या डॉक्टरांना वाचता येत नव्हती. शेवटी ती औषधं जाळून टाकण्याचाच खर्च झाला. त्याच काळात एका देणगीदार संस्थेचा कपड्यांचा पूर्ण कंटेनर मी रवाना होण्याआधीच अडवला. तो गोळा करण्यासाठी माझी जवळची मैत्रीण घरोघर जाऊन राबराब राबली होती. ती म्हणाली, तू लोकांच्या चांगुलपणाचा अपमान केलास. त्यानंतर आमचं बोलणं थांबलं ते थांबलंच. मला त्या मैत्रीची हळहळ आहे, अजूनही आहे. कंटेनरची नाही. तो गेला असता तर धक्क्यावरची क्रेन, ट्रक, गोदामाचा कोपरा आणि चार माणसांचा दिवस त्याने खाल्ला असता, आणि त्या वेळी त्या प्रत्येक गोष्टीसाठी रांग होती. हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं. आज तुला सांगते आहे, कदाचित तिलाच पुन्हा सांगते आहे. असो.

नंतर २०१५ मध्ये पाम चक्रीवादळ झालं तेव्हा वानुआतूच्या बंदरात न मागता आलेले कंटेनर महिनोन्‌महिने पडून राहिले, आत अन्न खराब होत गेलं आणि बाहेर भाडं चढत गेलं. अकरा वर्षांनीही तेच. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. म्हणून तर मला हेतूंबद्दल ऐकायचाच कंटाळा येतो.

आता तुझा खरा मुद्दा. तो तू मेलच्या तळाशी, घाईघाईत लिहिलास, पण तोच मोलाचा आहे: ‘यादी त्यांची म्हणजे कुणाची? नुकुआलोफातल्या कचेरीची, की मांगो बेटावरच्या माणसांची?’ मांगोवर एकही घर उभं राहिलं नाही. फोनोइफुआ बेटावर दोन उरली. राजधानीत बनलेल्या यादीत त्यांची गरज नीट उतरली असेल याची खात्री कुणी द्यावी?

कुणीच देऊ नये. पण यावर उपाय ‘मग यादी आपण करू’ हा नाही. उपाय आणखी खाली जाऊन विचारण्याचा आहे. तिथे प्रत्येक गावाला निवडून आलेला गाव-अधिकारी असतो. चर्च असतं. टोंगा रेड क्रॉसने तर आपत्तीआधीच बाराशे कुटुंबांपुरतं सामान देशात ठेवलं होतं, म्हणजे कुणाला काय लागतं याचा हिशेब आपत्तीच्या आधीच कुणीतरी केला होता. तो हिशेब त्यांच्याकडून मागून घेतलास का? आणि विचारताना अमुक रकान्यांचा अमुक पानी फॉर्म पाठवू नकोस. समुद्राखालची इंटरनेटची केबल तुटली आहे, दुरुस्तीचं जहाज अजून काम करतंय, सॅटेलाइट फोनवर बोलणारा माणूस एक आहे आणि त्याच्यासमोर तुझ्यासारखे पंधरा जण उभे आहेत. चार प्रश्न पाठव, ज्यांची उत्तरं एका शब्दात देता येतील. होडीने माल उतरेल का? किती वजनाची पेटी उचलता येईल? कुणाच्या नावावर पाठवू? काय पाठवू नको? शेवटचा प्रश्न कधी वगळू नकोस. मोठं जहाज लागेल असा धक्काच नसलेल्या बेटावर पॅलेट पाठवून उपयोग नाही.

त्या केबलवरूनही काही शिक. टोंगाचं घर परदेशातून येणाऱ्या पैशावर चालतं, देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास चाळीस टक्के इतका तो असतो. केबल तुटली तशी ती वाट अडली. ऑकलंडमधला मुलगा आईला पैसे पाठवू शकत नव्हता. तुझ्या देणगीदारांपैकी किती जणांनी विचारलं, की पैसे पोहोचायची सोय लवकर कशी होईल? पीठ आणि साखर त्या आईने स्वतः घेतली असती, तिला हवी तेवढी, हवी त्या दुकानातून. याहून तिची स्वतःची यादी कुठली?

तुला वाटतंय की नकार कळवणं म्हणजे मदत न करणं. मला चांगलं माहीत आहे तू रात्री किती वाजेपर्यंत जागतोस, आणि ती जागरणं बघून मला कौतुकही वाटतं आणि रागही येतो. त्यातला अर्धा वेळ तू देणगीदारांना न दुखावणारी वाक्यं शोधण्यात घालवतोस. सोड ते. फोनवर पहिल्या मिनिटात विचार: टोंगाच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाने हे मागितलं आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर रोख रक्कम सुचव, आणि तीही नको असेल तर आभार मानून फोन ठेव. वरिष्ठ ओरडले तर ठरावाचा क्रमांक सांग. त्यांनाही आठवेल.

बाटल्यांच्या विमानाचं अजून लोंबकळतंय असं दिसतं. त्यांना आजच लेखी कळव, उद्यावर ढकलू नकोस. ‘सध्या गरज नाही’ असं लिहिलंस तर आठ दिवसांनी पुन्हा फोन येईल. ‘मागणी नाही, पाठवू नये’ एवढंच लिही. मसुदा आधी मला पाठव. तू त्यात तीनदा क्षमस्व लिहिणार हे मला ठाऊक आहे, ती मी काढून देईन.