वाचकांचे प्रश्न : वाळवंटाच्या काठावरच्या लाटा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला असून दोन वर्षांपासून मस्कतमध्ये नोकरी करतो. मलप्रभेत आणि शेतातल्या विहिरीत पोहतच लहानाचा मोठा झालो. गेल्या वर्षी सुट्टीवर आलो असताना गोकर्णला चार दिवस सर्फिंग शिकलो. ओमानमध्ये अल अशखराच्या पुढे वाळवंट थेट समुद्राला भिडते, उन्हाळ्यात तिथे मोठ्या लाटा येतात आणि किनाऱ्यावर चिटपाखरूही नसते, असे कळले. जुलैमध्ये चार दिवसांची सुट्टी मिळणार आहे. एकट्याने गेलो तर चालेल का?

उत्तर : एकट्याने जाऊ नका, आणि जुलैमध्ये लाटेवर उभे राहण्याच्या इराद्याने तर मुळीच जाऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुमच्या मनात शंका राहणार नाही. तुमची ओढ मला परकी नाही. नोकरीच्या निमित्ताने मीही ओमानमध्ये काही वर्षे काढली आहेत आणि त्या किनाऱ्याची आठवण आजही मनातून गेलेली नाही. त्यामुळे नुसता नकार देऊन थांबणे मला बरे वाटत नाही.

मस्कतचा समुद्र तुम्ही रोज पाहता. तो ओमानच्या आखाताचा समुद्र असल्यामुळे एरवी तळ्यासारखा शांत असतो. किनाऱ्याने आग्नेयेकडे जात रास अल हद्दचे टोक ओलांडले की खुला अरबी समुद्र सुरू होतो, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत तिथे नैर्ऋत्य मोसमी वारा अखंड वाहतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून उसळी घेऊन, ओमानला घासून, समुद्र ओलांडून हाच वारा आपल्याकडे येतो. तुमच्या घरचे लोक कणकुंबी, जांबोटीचा पाऊस ज्या वाऱ्याच्या नावाने मोजतात, तोच वारा अल अशखराला एक थेंबही न सांडता फक्त लाटा उठवतो. जुलैत भर समुद्रात त्या तीन-चार मीटरपर्यंत चढतात. मात्र त्या जवळच्याच वाऱ्याने उठवलेल्या असल्यामुळे एकीच्या पाठीवर दुसरी अशा दाटीने येतात, आणि फुटलेल्या फेसातून बाहेर पडून पुढची लाट गाठायला नवशिक्याला उसंतच मिळत नाही. गोकर्णला तुम्ही कंबरभर पाण्यात, शेजारी प्रशिक्षक उभा असताना ज्या लाटा घेतल्या, त्यांच्याशी या लाटांचे फारसे नाते नाही.

तिथला खरा धोका लाटेच्या उंचीपेक्षा तिच्या आडव्या ओढीत आहे. तो किनारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेला आहे आणि वाराही जवळजवळ त्याच दिशेने वाहतो, त्यामुळे पाणी किनाऱ्याला धरून सतत एका बाजूला सरकत असते. मला हे ठाऊक होते, तरी एका सकाळी मी फसलो. पाऊण तास पाण्यात मी फक्त पुढे समुद्राकडे पाहत होतो. सर्फिंगची फळी पायाशी बांधून ठेवणारी दोरी तुटली, फळी वाऱ्याबरोबर निघून गेली, आणि पोहत बाहेर आलो तेव्हा गाडी कुठेच दिसेना. आपल्या कोकणात देवळाचा कळस असतो, माडांची रांग असते, निदान ओढून ठेवलेली एखादी होडी असते, म्हणून आपण कुठे आहोत हे माणसाला कळते. त्या किनाऱ्यावर मात्र डावीकडेही वाळू आणि उजवीकडेही वाळूच होती. अंदाजाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला अनवाणी चालू लागलो. वाळूचे कण पिंडऱ्यांना सुयांसारखे टोचत होते आणि घसा इतका कोरडा पडला होता की हाक मारायचे ठरवले असते तरी आवाज फुटला नसता. तासाभराने गाडीचे छप्पर चमकले. त्यानंतर मी गाडीत एक लांब काठी आणि वडगावच्या मागावर विणलेल्या, आईच्या जुन्या साडीचा लाल तुकडा ठेवू लागलो. पाण्यात उतरण्यापूर्वी ती काठी वाळूत खोल रोवायची, आणि प्रत्येक लाटेनंतर मागे वळून तो लाल तुकडा पाहायचा. तो बाजूला सरकलेला दिसला की लगेच बाहेर पडून, चालत पुन्हा त्याच्यासमोर यायचे.

तुम्ही विहिरीत पोहायला शिकलात, ही जमेची बाजू आहे, कारण खोल पाण्याची भीती तुमच्या मनात नाही. पण विहिरीची एक सवय समुद्रात जिवावर बेतू शकते. काठावरून सूर मारायची सवय असलेला माणूस फळीवरून पडतानाही नकळत डोके पुढे करतो. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात फुटते, म्हणजे छातीएवढी लाट जिथे कोसळते तिथे खाली वाळू दीडेक मीटरवरच असते. मानेच्या मणक्याला इजा होते ती अशाच ठिकाणी. पडायचे ते आडवे, पाठीवर किंवा कुशीवर, आणि वर येताना हाताने डोके झाकून यायचे, कारण फळीही तुमच्याबरोबर वर येत असते. नदीतली सवयही तपासून पाहा. मलप्रभेची धार ओढते ती काठाला समांतर, त्यामुळे हात मारत राहिले की पुढच्या वळणावर कुठेतरी काठ लागतो. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परतताना अरुंद पट्ट्यातून सरळ आत जाते. लाटांच्या रांगेत जिथे फेस कमी आणि पाणी गडद दिसते, ती जागा बहुधा त्याचीच असते. तिथे सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. फळी सोडू नका, बाजूला वल्हवत पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटांबरोबर आत या.

आता जायचे कसे, ते सांगतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वारा उतरू लागतो, तेव्हा जा. तीनशे किलोमीटरहून अधिक रस्ता आहे. बरोबर किमान दोघे हवेत आणि त्यांतला एक जण नेहमी कोरडा, म्हणजे किनाऱ्यावर असायला हवा. शक्यतो दोन गाड्या न्या. वाळूत उतरण्यापूर्वी चाकांतली हवा कमी करा, आणि ती पुन्हा भरायचा पंप बरोबर ठेवा. माणशी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पिण्यासाठी, आणि तेवढेच वेगळे ठेवणीतले. फोनला रेंज असेलच असे नाही, म्हणून कुठे जातो आणि कधी परतणार हे मस्कतमध्ये कोणाला तरी लिहून द्या. तिथल्या पोलिसांचा तातडीचा क्रमांक ९९९९ आहे. पाय घसरू नये म्हणून फळीला लावायचे मेण बंद गाडीत ठेवू नका, त्याचे तेल होऊन आसनात मुरते.

अल अशखरा हे मासेमाऱ्यांचे गाव आहे. आधी बंदरावर जाऊन चौकशी करा. हिंदी समजणारे कोणी ना कोणी भेटतेच. जाळी कुठे टाकली आहेत आणि खडक कुठे आहेत हे त्यांच्याइतके कोणताही नकाशा सांगणार नाही, आणि ते नको म्हणाले तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये. लांब बाह्यांचा पोशाख घातलात तर उन्हापासून संरक्षण होते आणि गावाचाही मान राखला जातो. पुढे कधी ओमानच्याच मसिरा बेटावर गेलात तर रात्री वाळूवर गाडी घालू नका. लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांचे जगातल्या सर्वांत मोठ्या विणीच्या ठिकाणांपैकी ते एक आहे, आणि चाकाखाली घरटे गेले तर वरून काही कळतही नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, जूनच्या आगेमागे आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. जून २००७ मध्ये गोनूने ओमानची केलेली हानी तिथले लोक विसरलेले नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी हवामानाचा इशारा पाहा आणि इशारा असेल तर बेत सरळ रद्द करा.

जुलैची सुट्टी वाया घालवा असे मात्र म्हणत नाही. मित्रांबरोबर जा, फळी घरीच ठेवा आणि दोन दिवस नुसती लाट पाहा. किती लाटांनंतर मोठी लाट येते, भरतीला ती कुठे फुटते आणि ओहोटीला कुठे, हे वहीत टिपून ठेवलेत तर सप्टेंबरमध्ये तुम्ही निम्मे शिकूनच पाण्यात उतराल.

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त भूगोल शिक्षक आहे. नामिबिया, पेरू, चिली अशा वाळवंटी देशांच्या किनाऱ्यांवर सर्फिंगच्या उत्तम लाटा असल्याचे नातवाकडून ऐकतो. वाळवंट आणि चांगली लाट यांचा काही संबंध आहे का?

उत्तर : सर, संबंध आहे, पण तो कार्यकारणाचा नाही. एकाच भौगोलिक परिस्थितीतून दोन्ही गोष्टी घडतात, असे म्हणता येईल. खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवर उपोष्ण पट्ट्यात हवा खाली उतरते आणि कोरडी राहते. शेजारून हंबोल्ट किंवा बेंग्वेला यांसारखा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे धुके पडते पण पाऊस पडत नाही. हे आपण वर्गात शिकवत आलाच आहात. हेच किनारे दक्षिण महासागरातल्या वादळांकडे तोंड करून बसलेले आहेत. तिथे उठलेल्या ज्या लाटांमध्ये चौदा-पंधरा सेकंदांचे अंतर असते, त्यांची ऊर्जा ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने प्रवास करते. तीन हजार किलोमीटर ओलांडायला तिला तीन दिवस लागतात, आणि वाटेत आखूड, अस्ताव्यस्त लाटा मागे पडून लांब आणि एकसारख्या लाटा पुढे निघतात. सर्फिंग करणाऱ्याला हव्या असतात त्या याच.

ओमान याला अपवाद आहे. तिथल्या लाटा जवळच्या मोसमी वाऱ्याच्या असल्याने त्यांत ती शिस्त नसते. तिथेही उन्हाळ्यात पाणी थंड होते, ते असे. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा उत्तर गोलार्धात पृष्ठभागाचे पाणी आपल्या उजवीकडे, म्हणजे इथे खोल समुद्राकडे ढकलतो आणि खालच्या थरातले थंड पाणी वर येते.

वाळवंटाचा स्वतःचा हातभार पाहायचा असेल तर नामिबियात वॉल्व्हिस बेजवळच्या वाळूच्या जिभेचे उदाहरण घ्यावे. वारा आणि प्रवाह नामिब वाळवंटाच्या किनाऱ्याची वाळू उत्तरेकडे वाहून नेतात, आणि त्या वाळूच्या कडेने लाट डावीकडे फुटत सुमारे दोन किलोमीटर जाते. पाणी इतक्या जोराने ओढते की वल्हवत परत येता येत नाही. लाट संपली की बाहेर पडून धुक्यातून चालत पुन्हा वर जावे लागते. कॅलिफोर्नियातील एका संगणक अभियंत्याने उपग्रह-छायाचित्रांत ही वाळू हेरली आणि २००८ पासून ती जगाला माहीत झाली. वाळूचीच रचना असल्यामुळे ती दरवर्षी थोडी थोडी बदलते. पेरूतील चिकामाची लाटही अशीच लांबलचक आहे. तिथल्या सरकारने लाटा फुटण्याच्या जागांना बंदरे आणि बांधकामांपासून संरक्षण देणारा कायदा २००० मध्ये केला आणि २०१६ मध्ये चिकामाला त्याखाली पहिले संरक्षण मिळाले. लाट ही जपण्याची वस्तू आहे हे एखाद्या देशाने कायद्यात लिहावे, याचा मला फार आनंद वाटतो.

या किनाऱ्यांवर गर्दी का नसते, याचे उत्तर सोपे आहे. बहुतेक ठिकाणी पिण्याचे पाणी कमी, रस्ते थोडे आणि समुद्र गार आहे. नामिबियात बारा-चौदा अंश तापमानाच्या पाण्यात जाड वेटसूटशिवाय, म्हणजे अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखाशिवाय, उतरता येत नाही.

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी बेळगावच्या तलावात स्पर्धेसाठी पोहते. ऑलिंपिकमधले सर्फिंग पाहिल्यापासून तिला निर्जन किनाऱ्यावरच्या लाटांचे वेड लागले आहे. मला भीती वाटते. तिला शिकू द्यावे का? (एक आई, टिळकवाडी)

उत्तर : ताई, जरूर शिकू द्या. आपल्याच राज्यात मुल्की, ससिहित्लू आणि गोकर्ण येथे शिकण्याची सोय आहे, आणि चोर्ला घाट उतरले की गोवाही जवळ आहे. मात्र पावसाळ्याचे चार महिने सोडून, शक्यतो नोव्हेंबर ते मार्च या काळात पाठवा, तेव्हा लाटा लहान आणि सुटसुटीत असतात. शिकवणाऱ्याकडे मऊ पृष्ठभागाची आठ-नऊ फुटी फळी आहे ना, एका वेळी चारपेक्षा जास्त मुले तर घेत नाहीत ना, आणि पाण्यात ते स्वतः उतरतात ना, हे तुम्ही जातीने विचारा. तलावातल्या पोहण्याने तिचा दम तयार झालेला असेल, पण पायाखाली सरकणारी वाळू आणि तोंडावर आदळणारा फेस यांची सवय तिला नव्याने लावून घ्यावी लागेल. पहिल्या खेपेला तुम्हीही बरोबर जा आणि किनाऱ्यावर बसा.

निर्जन किनाऱ्याचा विषय तिच्याशी आत्ताच बोला, पण तिला गप्प करून नव्हे. दोन-तीन मोसम गर्दीच्या किनाऱ्यावर काढल्यावर, पाण्याची ओढ स्वतः ओळखता येऊ लागल्यावर आणि बरोबर अनुभवी माणसे असताना तिकडे जायचे, असे ठरवून टाका. वर खानापूरच्या वाचकाला लिहिलेले लाल कापडाचे तेवढे तिला वाचून दाखवा.