सुगडात लावा, खडीत नको

प्रश्न : ताई, दहावीतल्या लेकाने हट्ट करून अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, चार पायांचा, शेपटीवाला उभयचर प्राणी) आणायला लावला. पांढरट अंग, गुलाबी कल्ले, म्हणून नाव ठेवलं मोदक. दोन फुटी टँक आहे, तळाला खडी. जिवंत झाडं तीनदा लावून झाली. सकाळी उठावं तर निम्मी वर तरंगत असतात, उरलेली सडतात. दुकानदार म्हणतो, जोरदार लाइट लावा, खत घाला. पण लाइट लागला की मोदक मडक्यात शिरतो तो बाहेरच येत नाही. प्लास्टिकचीच झाडं आणू का? – एक वाचक, धायरी

उत्तर : आधी खडी काढा, झाडांचं मग बघू. मोदक गांडूळ चावून खात नाही. तोंड उघडतो आणि पाण्यासकट ओढून घेतो. त्या झटक्यात शेंगदाण्याएवढा खडा सहज आत जातो आणि आतड्यात अडकतो. तळ मोकळा ठेवा, नाहीतर अगदी बारीक वाळू घाला.

झाडं उपटण्यात त्याची काही खोडी नाही. वीतभर लांबीचं जड जनावर रात्री तळावरून चालणार. रोपाने मूळ धरण्याआधीच ते पायाखाली येतं. म्हणून रोवायची सोडा, बांधायची घ्या : अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस. कमी उजेडात तगतात, थंड पाणीही चालवून घेतात.

अनुबियासला आल्यासारखी आडवी गाठ असते. पानं तिच्यातून वर, मुळं खाली. ही गाठ पुरायची नाही. मी पहिल्यांदा बागेतल्या सवयीने चांगली बोटभर खोल पुरली होती. पंधरा दिवसांत पानं हातात आली, गाठ दाबून पाहिली तर पिकलेल्या केळ्यासारखी, आणि वास विचारू नका. त्यापेक्षा ती दगडावर ठेवून साध्या सुती दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्या. दोरा कुजेपर्यंत मुळं दगड धरतात. दगड मोदकच्या डोक्यापेक्षा मोठा आणि गुळगुळीत हवा. त्याची कातडी फार नाजूक असते.

व्हॅलिस्नेरियाची लांब हिरवी पाती हवीच असतील, तर संक्रांतीचं सुगड घ्या. कोरं, न रंगवलेलं. काठ पॉलिश पेपरने घासा, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग वाळू भरून रोप लावा. सुगडाचं तोंड अरुंद, त्यामुळे मोदकचा पाय पडून रोप उखडत नाही. माझ्याकडे अशी तीन सुगडं आहेत. मैत्रीण म्हणते, हळदीकुंकू तेवढं राहिलंय.

सडलेली झाडं बहुधा पाण्यातली नव्हतीच. मलाही एका दुकानात लाल कडांचं ड्रेसिना ‘पाण्यातलं झाड’ म्हणून गळ्यात मारलं होतं. दिसायला झोकदार, पण ते जमिनीवरचं. बुडवून ठेवलं की आठवडे काढतं आणि मग कुजून पाणी नासवतं. लकी बांबूचंही तेच. पानं पाण्याबाहेर राहिली तरच तो जगतो.

लाइटबद्दल मोदकचं बरोबर आहे, दुकानदाराचं नाही. अ‍ॅक्सोलॉटलला पापण्याच नसतात, डोळे मिटणार कुठून? खोलीतला उजेड या झाडांना बहुतेक पुरतो. खत नकोच. काही खतांत आणि गोगलगायी मारायच्या औषधांत तांबं असतं, ते या प्राण्याला बाधतं. झाडांना मोदकची घाण पुरे! गॅलरीतल्या मनी प्लांटची एक फांदी टँकच्या काठाला अडकवा. मुळं पाण्यात, पानं बाहेर. नायट्रेट, म्हणजे घाणीतून पाण्यात साठणारा क्षार, ओढून घेण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. नवीन झाड मात्र दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून मगच टँकमध्ये घाला. आणि कृपा करून पाषाणच्या तळ्यातली जलपर्णी आणू नका, फुकट मिळाली तरी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी काळजी पाण्याच्या तापमानाची. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या शोचिमिल्कोच्या कालव्यांतला. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर. आपलं महाबळेश्वर जेमतेम १,३५० आणि पुणं साधारण ५६०. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी लागतं, २४ च्या वर जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि झाडं पाणी गार करत नाहीत, टँक कितीही हिरवागार दिसला तरी. पुण्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. तेवढ्याने भागणार नाही. चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) किंवा एसीची खोली लागेलच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मी फ्रीजरमधल्या गोठवलेल्या बाटल्या आलटून पालटून सोडते, एका वेळी एकच, म्हणजे पाणी एकदम गार पडत नाही.

अजून एक. ‘सायटीस’ हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. अ‍ॅक्सोलॉटल त्याच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याने कागद दिलेत का, ते लेकाला विचारा.

प्लास्टिकची झाडं आणलीत तर पात्यांच्या कडा आधी गालावरून फिरवून बघा. तुम्हाला टोचली तर मोदकच्या कल्ल्यांना टोचणारच.